पावडरचं माप हलतं काहून? नवीन मशीन घ्यायच्या आधी हे करून पाय

राजा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आर्वीकडचं पोट्टं, आता टेक्सासात, ग्रीन कार्ड झालेलं, क्लबात पिस्तूल मॅच खेळतं, फॅक्टरीचे राउंड (काडतुसं) महाग पडतात म्हणून गॅरेजमध्ये ९ एमएम रीलोड करायला लागलं, म्हणजे झाडलेल्या पितळी केसमध्ये नवीन प्रायमर (ठिणगी देणारी टोपी), पावडर आणि बुलेट घालून घरीच राउंड बनवायला. चार्ज, म्हणजे एका राउंडमधली पावडर, पाहिजे ४.२ ग्रेन (वजनाचं बारीक माप), पावडर मेजर (हँडल मारून पावडर मापायचं यंत्र) टाकतं कधी ३.९ कधी ४.४, मधेच पाच-सहा एकदम बरोबर. तीस वेळा टाकून तीसही आकडे लिहून पाठवले (हे चांगलं केलं, अर्धं काम तिथंच झालं) आणि विचारतो की काका, तीनशे डॉलरचं मेजर घेऊ का सरळ इलेक्ट्रॉनिक डिस्पेन्सर (स्वतःच तोलून पावडर टाकणारं) घेऊ.

सध्या काहीच घेऊ नको. पैसे खिशात ठेव.

मी सतरा वर्षं ह्यूस्टनजवळ एका मशीन शॉपमध्ये होतो, त्यातली तेराएक वर्षं रीलोडिंग केलं, पिस्तुलाचंच जास्त. आता देवळी तालुक्यात वावर पाहतो, पराटी तूर सोयाबीन, आणि रीलोडिंग इकडे नाही, का नाही ते शेवटी सांगतो कारण तुझ्या प्रश्नाखाली तुझ्या भावाने लगेच विचारलंच की इकडे गावात जमेल का. आणि एक, तुझ्या पावडरचं नाव मी इथं मुद्दाम लिहीत नाही. ४.२ हा तुझ्या पावडरचा, तुझ्या बुलेटचा, तुझ्या मॅन्युअलमधला आकडा आहे, दुसऱ्या कोणी इथून उचलून वापरला तर हात जाईल. ज्याला आकडा पाहिजे त्याने पावडर कंपनीचं ताजं मॅन्युअल उघडायचं, स्टार्टिंग चार्जपासून सुरू करायचं आणि हळूहळू वर जायचं, त्याला शॉर्टकट नाही.

आता मुद्द्यावर. पावडर मेजर वजन करतच नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसव. तो आकारमान मोजतो. म्हणजे आपली पायली. ड्रममध्ये एक खड्डा आहे, हँडल वर केलं की खड्डा भरतो, खाली केलं की रिकामा होतो, बस. आता पायलीनं ज्वारी मोजताना काय काय होतं ते तुला माहीत आहे. शीग लावून मोजली की हात फिरवून, वरून भसकन ओतली की हळू सोडली, मोजता मोजता पायलीला गुडघा लागला का, पोतं दोनदा आपटून भरलं का. ज्वारी तीच, पायली तीच, वजन वेगळं. आमच्या गावात एक सावकार होता म्हणे, घेताना पायली हलवून घ्यायचा आणि देताना अलगद भरायचा, त्यानं पायली बदलली नव्हती हां, फक्त हात बदलायचा. तुझं मेजर तुझ्याशी तेच करून राहिलं.

आणि इथं माप किती बारीक आहे ते पाय. ७००० ग्रेनचा एक पौंड. आपल्या हिशोबात सांगायचं तर जुना तोळा १८० ग्रेनचा आणि तोळ्याच्या ९६ गुंजा, म्हणजे सोनाराची एक गुंज १.८७५ ग्रेन. तुझा अख्खा चार्ज सव्वादोन गुंजांचा! तोळाभर पावडरमध्ये बेचाळीस राउंड. रायफलवाला एका राउंडला ४२ ग्रेन भरतो, त्याचा ०.१ ग्रेन इकडेतिकडे झाला तर पाव टक्काही फरक नाही, तुझा ०.१ हलला तर जवळपास अडीच टक्के. म्हणून रायफलवाल्यांचे सल्ले पिस्तुलाला जसेच्या तसे लावू नको, आणि त्यांच्या मेजरचा मोठा ड्रमही लावू नको. रुंद उथळ खड्ड्यापेक्षा अरुंद खोल खड्डा बरा, कारण चूक वरच्या तोंडाशी होते, तोंड जेवढं लहान तेवढी चूक लहान. बऱ्याच मेजरला पिस्तुलासाठी वेगळा छोटा ड्रम मिळतो. तुझ्याकडे कोणता आहे ते लिहिलं नाहीस, बघून घे.

मेजरच्या आधी काटा तपासायचा. हे सगळे उलटं करतात. तुझा डिजिटल काटा ०.१ ग्रेनच दाखवतो, म्हणजे स्क्रीनवर ४.२ आलं तरी आत ४.१५ असेल नाहीतर ४.२४ असेल, वरून त्याची स्वतःची चूक अजून ०.१ ची धर. मग तुझ्या यादीतले ४.१ आणि ४.३ हे कदाचित एकच माप आहे. त्याच्यावर डोकं पिकवू नको. ३.९ आणि ४.४ मात्र काट्याच्या चुकीत बसत नाहीत, ते खरे आहेत.

काट्यासाठी एवढं कर. वापरायच्या आधी अर्धा तास चालू करून ठेव, थंडा काटा सरकत राहतो. एसीचा झोत, पंखा, ब्लोअर, सगळं बंद, नाहीतर काट्यावर खोकं उपडं घाल. माझ्या गॅरेजमध्ये छतातला एसीचा झरोका बरोबर बाकाच्या वर होता, दोन महिने मी पावडरला शिव्या दिल्या, मग एक दिवस एसी बिघडला आणि माप सुधारलं! मोबाइल काट्याच्या बाजूला ठेवू नको. कंपनी जे ५० ग्रॅमचं वजन देते त्याने कॅलिब्रेशन होतं पण तू मोजतो पाव ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे लहान चेक-वेट घे, ५ ग्रेनच्या आसपासचं, आणि दर वीस-पंचवीस राउंडनंतर ते ठेवून बघ. अजून एक फुकटची युक्ती, रिकामं पॅन शून्य करून उचललं की काटा उणे आकडा दाखवतो, तो आकडा कागदावर लिहून ठेव. दर वेळी पॅन उचलताना तोच आला पाहिजे. बदलला म्हणजे शून्य सरकलं, मागचे पाच-सात परत मोज. आणि ट्रिकलरने एकेक दाणा टाकत बसला तर स्वस्त काटा ते दाणे धरतच नाही, तो त्यालाच शून्याची हालचाल समजून गिळून टाकतो, म्हणून दाणे टाकून झाले की पॅन उचलायचं, परत ठेवायचं, मग आकडा वाचायचा. जुना बीम काटा मिळाला तर सोडू नको, वीज नाही बॅटरी नाही, सरकणं नाही, फक्त बाक सपाट पाहिजे आणि डोळा काट्याच्या रेषेत.

आता तुझी यादी. मी ती छापून चष्मा लावून वाचली. ३.९ आला की लगेच पुढे ४.४ आलाय, तुझ्या तीसमध्ये चार जागी. बेरीज ८.३. दोन चार्जची बेरीज पाहिजे ८.४. आता कळलं का? पावडर हरवली नाही, थोडी वाटेत अटकली आणि पुढच्या फेरीत पडली. ह्याला पूल बांधणं म्हणतात, दाणे एकमेकांत अडकून नळीत नाहीतर खड्ड्याच्या तोंडाशी कमान धरतात. तुझी पावडर फ्लेक आहे, चपट्या चकत्या, आणि चकत्या अडकतातच. बॉल पावडर, गोल दाण्याची, राळ्यासारखी वाहते, तिच्यात हा त्रास जवळजवळ नाही. एचपी-३८ सारखी बारीक पावडर कोणत्याही मेजरमधून नीट पडते, युनिक सारखी मोठ्या चकत्यांची लोकांना रडवते, पण म्हणून युनिक वाईट पावडर नाही, शंभर वर्षांवर लोक वापरतातच आहेत.

अटकण्याची तीन कारणं, त्यात एक तुझं असणार. एक म्हणजे स्टॅटिक. मेजर नवीन, हॉपर (पावडर भरायचं वरचं भांडं) प्लास्टिकचं, हिवाळ्यात हीटर लावून कोरडी हवा, चकत्या भिंतीला चिकटतात, तुला दिसतच असतील. हॉपर आणि नळी आतून कपड्याच्या ड्रायरमध्ये टाकतात त्या शीटने पूस, पाण्याने धुऊन ओलं ठेवू नको. दुसरं म्हणजे तेल. नवीन मेजरच्या ड्रमला गंज लागू नये म्हणून कंपनी तेल लावून पाठवते, ते डीग्रीझरने काढायचं, पूर्ण सुकवायचं आणि मग एक अख्खं हॉपर पावडर नुसती फिरवून परत डब्यात घ्यायची. पावडरवर ग्रॅफाइट असतं, ते ड्रमला लागलं की सगळं गुळगुळीत होतं, नव्या कढईला दोन-चार वेळा तेल तापवून वळण लावतात तसं. माझं म्हणणं की नव्या मेजरवर पहिली दोनशे मापं विश्वास ठेवायचाच नाही.

तिसरं कारण हात, आणि मला वाटतं तुझं हेच आहे.

तुला चाडं माहीत आहे ना, का ट्रॅक्टरच्या जमान्यात ते बी गेलं? तिफन बैल ओढायचे आणि मागून चालणारा चाड्यात मुठीतून बी सोडायचा, खाली सरत्यातून तीन तासांत, म्हणजे ओळींत, पडायचं. यंत्र म्हणून त्यात काहीच नाही, लाकडाची वाटी आणि तीन नळ्या. पण आमच्या आजीनं पेरलेलं वावर उगवलं की दोरी लावल्यासारखं दिसायचं, आणि काकानं पेरलं की कुठं दाट कुठं खांडण्या. मिरगात सगळे आजीलाच बोलवायचे, चाड्यावर मूठ तुम्हीच धरा म्हणून. ती सांगायची, "बी मोजू नोको बापू, पाय मोज. पाय सारखा पडला की मूठ सारखी सुटते." मी ह्यूस्टनच्या गॅरेजमध्ये पहिल्या वर्षी चाचपडत होतो तेव्हा एका रात्री हे आठवलं आणि मी हँडल मोजायला लागलो. वर, टेकलं, एक आकडा थांब. खाली, टेकलं, ठक. परत वर. जोर तोच, थांबणं तेवढंच, ठोका तेवढाच. दोन ठोके मारायचे तर दरवेळी दोन, मनात आलं म्हणून एकदा तीन नाही. लायमन ५५ ला तर कंपनीनंच एक छोटी हातोडी लावून दिलेली आहे ठोकायला, उगीच नाही दिली.

ठोका कधी मारायचा ह्यावर लोक भांडतात. मी हँडल वरच्या टोकाला गेल्यावर एक (खड्डा नीट भरावा म्हणून) आणि खालच्या टोकाला एक (नळी रिकामी व्हावी म्हणून), असे मारतो, मारायचो म्हणजे. तुझ्या पूल बांधण्याला खालचा ठोका पाहिजे. हँडल फिरताना मधेच चरचर लागली तर ती चकती ड्रमच्या धारेत कापली जाऊन राहिली, तो चार्ज केसमध्ये टाकू नको, हॉपरमध्ये परत टाक आणि पुढचा घे. बॉल पावडरला हे काही नसतं, तिथं उलटा त्रास, फारच बारीक असली तर ड्रमच्या फटीतून गळते, बाकावर रेती सांडल्यासारखी दिसते.

हॉपरची पातळी. पूर्ण भरलेल्या हॉपरमध्ये वरचं वजन खालच्या पावडरला दाबतं, संपत आलं की दाब कमी, माप कमी. आत तिरपा पत्रा मिळतो, बॅफल म्हणतात, तो लाव, दाब सारखा राहतो. नसला तर पत्र्याच्या डब्यातून कापून घरी बनव, मी पहिला तसाच बनवला होता. आणि हॉपर अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नको. नवीन भरली की पहिली दहा-पंधरा मापं परत हॉपरमध्ये, पावडर बसायला वेळ लागतो, नव्या कणगीत धान्य ओततो आणि दुसऱ्या दिवशी ते चार बोटं खाली गेलेलं असतं तसं. प्रेस (केसमध्ये बुलेट दाबून बसवायचं यंत्र) त्याच बाकावर असेल तर प्रत्येक दणक्याने पावडर अजून बसते. चहा प्यायला गेला, परत आला, तर पहिली तीन-चार मापं जड येणार किंवा हलकी येणार, ती हॉपरमध्येच टाक.

ओलाव्याबद्दल एक सांगतो, विदर्भातल्या माणसाला लवकर समजेल. ही पावडर म्हणजे नायट्रोसेल्युलोज, आणि ते बनतं कुठून तर कापसातून, सरकीवर जी बारीक लव राहते ना जिनिंगनंतर, त्याच जातीच्या मालातून. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएलनं धूर न करणारी पावडर बनवली तेव्हापासून मूळ गोष्ट हीच आहे. म्हणजे तू टेक्सासात बसून शेवटी कापूसच मोजतो. आता ओला कापूस जिनिंगवर नेला की काय होते ते तुझ्या बापाला विचार. पावडरही हवेतला ओलावा धरते आणि सोडते, कापसाएवढी नाही पण सोडते, आणि फार कोरडी झालेली पावडर जास्त जोरात जळते. म्हणून डबा उघडा टाकून ठेवू नको, आणि काम झालं की हॉपर रिकामं करून पावडर तिच्याच मूळ डब्यात, त्याच रात्री. दुसरं कारण, ज्या पावडरीत नायट्रोग्लिसरीनही असतं ती प्लास्टिक खाते, हॉपर धुरकट पिवळं पडतं. तिसरं आणि सगळ्यात मोठं कारण, पंधरा दिवसांनी हॉपरमध्ये कोणती पावडर होती ते आठवत नाही आणि दिसायला सगळ्या सारख्याच. आठवलं नाही तर ती फेकायची, अंदाज करायचा नाही. बाकावर एका वेळी एकच डबा. हे मी नियम म्हणून सांगतो, सल्ला म्हणून नाही.

हे सगळं करून झाल्यावर परत मोज, पण दोन तऱ्हेनं. आधी दहा मापं वेगवेगळी, दहाही आकडे लिही. मग दहा मापं एकाच पॅनमध्ये एकत्र, ते ४२.० आले पाहिजेत. एकत्र मोजल्यानं सरासरी चांगली कळते कारण काट्याची चूक दहात वाटली जाते, ड्रम सेट करायला हेच वापर. पण नुसतं एकत्र मोजून खुश होऊ नको, ३.९ आणि ४.५ ची सरासरीही ४.२ च येते ना. मी असे लोक पाहिले आहेत. आणि आकड्यांची चाल बघ. हळूहळू एकाच दिशेनं जात असेल तर हॉपर रिकामं होतंय किंवा काट्याचं शून्य सरकतंय. कमी-जास्त अशी जोडी असेल तर अटकतं. थांबल्यानंतर पहिलंच वाकडं असेल तर पावडर बसली. कशालाच नियम नसेल तर राजा, हात.

किती चांगलं म्हणजे पुरे? फ्लेक पावडरमध्ये सगळे ४.१ ते ४.३ च्या आत आले तर माझ्याकडून पास. बॉलमध्ये त्याहून बरं येतं. पॉइंट झिरो झिरोच्या मागे लागू नको, क्लबच्या मॅचला पंचवीस यार्डांवर ते दिसतही नाही. ०.१ ग्रेननं ९ एमएममध्ये साधारण वीस फूट प्रति सेकंद फरक पडतो, पावडरनुसार कमी-जास्त. तुझं बुलेट १२४ ग्रेन आहे, यूएसपीएसएच्या (अमेरिकेतली पिस्तूल-मॅचवाली संघटना) मायनर गटाला पॉवर फॅक्टर (बुलेटचे ग्रेन गुणिले वेग, भागिले हजार) १२५ लागतो, म्हणजे वेग १०१० फूट प्रति सेकंदाच्या थोडं खाली असला तरी चालतं, तू १०५० ला लोड बनवला तर १३० होतो आणि एवढा वर-खाली पचून जातो. कडेवर लोड ठेवूच नको, ना खालच्या ना वरच्या. ९ एमएमची सामीची (अमेरिकेत काडतुसांची मानकं ठरवणारी संस्था) दाबाची मर्यादा ३५,००० पीएसआय आहे आणि केस एवढीशी, तिच्यात चुकीला जागा कमी. आणि क्रोनोग्राफवर (बुलेटचा वेग मोजायचं यंत्र) वेग हलला की सगळा दोष पावडरवर टाकू नको. मिसळलेली ब्रास (वेगवेगळ्या कंपन्यांच्या केस), कोणाची जाड कोणाची पातळ, क्रिम्प (केसचं तोंड आवळणं) कमी-जास्त, बुलेट कमी-जास्त खोल बसलेलं, ह्यानंही तेवढाच वेग हलतो. बुलेट खोल गेलं की आतली जागा कमी होते आणि दाब वाढतो, ९ एमएममध्ये हे फार जाणवतं. मॅगझिनमधून एकच राउंड सारखा सारखा चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या तोंडात) चढवून उतरवून बुलेट आत ढकललं जातं, ते बघत जा.

आता जे तू विचारलं नाही ते. ०.१ ग्रेननं आजपर्यंत कोणाचं पिस्तूल फुटलेलं मी पाहिलं नाही. फुटतं ते शून्यानं नाहीतर दुपटीनं. पावडर नसलेला राउंड, स्क्विब, त्यात फक्त प्रायमर वाजतो, बुलेट नळीत मधे अडकून बसतं, आणि माणूस सवयीनं स्लाइड ओढून दुसरा झाडतो की नळी गेली. माझं झालेलं आहे. एका रविवारी मॅचमध्ये चौथ्या शॉटला आवाज आला, आवाज कसला, फुसका लवंगी फटाका, आणि माझं बोट पुढच्या शॉटला निघालंच होतं तेवढ्यात रेंज ऑफिसर ओरडला स्टॉप. मी थांबलो म्हणून आज दहा बोटांनी टाइप करतोय. नळीतून लाकडी दांडीनं बुलेट ठोकून काढलं. घरी येऊन विचार केला तर आठवलं, आदल्या गुरुवारी भरताना गावाहून फोन आला होता, बहिणीच्या लग्नाचं काही तरी, मी उठलो, परत येऊन बसलो आणि एक केस सोडून पुढच्या केसपासून सुरू केलं. तेव्हापासून नियम केला की मधे उठलो तर लोडिंग ब्लॉकमधल्या (केस उभ्या ठेवायची भोकांची पाटी) सगळ्या केस हॉपरमध्ये रिकाम्या आणि पहिल्यापासून. बायको म्हणायची काय वेडेपणा आहे. असू दे.

तू सिंगल स्टेज प्रेसवर (एका वेळी एकच काम करणाऱ्या) भरतो म्हणजे लोडिंग ब्लॉक वापरत असशील. न भरलेल्या केस एका ब्लॉकमध्ये तोंड खाली करून ठेव, प्रायमर वर. एक उचल, भर, दुसऱ्या ब्लॉकमध्ये तोंड वर करून ठेव. उलटी केस चुकून दोनदा भरताच येत नाही. पन्नास झाल्या की टॉर्च घे आणि वरून एकेक केसमध्ये बघ, रांगेनं, पातळी सारखी दिसली पाहिजे, मगच बुलेट बसवायचे. हे दोन मिनिटांचं काम त्या तीनशे डॉलरच्या मेजरपेक्षा जास्त किमतीचं आहे. तुझी फ्लेक पावडर फुगीर आहे हा इथं फायदा, दोनदा पडली तर केस भरून ऊतू येते आणि आंधळ्यालाही दिसते. टाइटग्रुप सारखी घट्ट पावडर घेतली तर चार्ज तळाशी एवढासा पडतो, दोनदा पडला तरी केसमध्ये आरामात मावतो आणि वरून बुलेटही बसतं. वाईट पावडर नाही, स्वस्त पडते, मीही वापरली, पण नवीन हातात देऊ नये. पुढे प्रोग्रेसिव्ह प्रेस (हँडलच्या एका ओढीत सगळी कामं करणारा) घेतला तर ज्याची केसची चकती हातानं फिरवावी लागते त्यात हीच भीती, फिरवायचं विसरलास आणि हँडल ओढलं की डबल. आणि प्रोग्रेसिव्हमध्ये केसच पावडर मेजरला ढकलते, अर्धवट ओढलं तर अर्धवट माप, म्हणून हँडल दरवेळी खालपर्यंत, टेकेपर्यंत.

चष्मा लाव. हात साबणानं धू, शिसं असतं. सिगरेट तू ओढत नाहीस म्हणतो, बरं.

आता भावाचा प्रश्न, काका इकडे गावात असं करता येईल का. नाही. इकडे लायसन्सशिवाय काडतूस बनवणं हा आर्म्स ॲक्ट १९५९ खाली गुन्हा आहे, कलम ५, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बनवण्याची शिक्षा कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. तुझ्याकडे पिस्तुलाचं लायसन्स असलं तरी ते ठेवायचं लायसन्स आहे, बनवायचं नाही. आणि ९ एमएम तर आपल्याकडे साध्या माणसासाठी प्रतिबंधित बोअर आहे. आमच्या आजोबांकडे रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक होती, लायसन्सची, शिंगाच्या मापानं काळी दारू भरायचे, ते बघून काही पोट्ट्यांना वाटतं की आपल्याला येते. ती काळी दारू वेगळी, ही पावडर वेगळी, ते माप इथं लावलं तर बंदूक हातात फुटेल. आम्ही तर पुलगावच्या लष्करी दारूगोळा डेपोपासून लांब नाही राहत, ३०-३१ मे २०१६ च्या रात्री ती आग लागली तेव्हा आमच्या घराची तावदानं थरथरली होती आणि म्हातारी उठून अंगणात आली. इकडे भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला सरकारी कारखान्यात ही पावडर बनते, तिथं बनू दे. नेमबाजीच करायची असेल तर दहा मीटर एअर पिस्तूल शिक, त्यात पावडरच नाही.

तिकडचंही एक बघून घे. तुझं ग्रीन कार्ड आहे म्हणून ठीक, पण तुझ्या रूममेटचं एच-वन-बी असेल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं त्याला शस्त्र किंवा दारूगोळा जवळ ठेवायला मनाई आहे, शिकारीच्या लायसन्ससारखे थोडे अपवाद सोडले तर. त्याच्या हातात मोजायला देऊ नको, भरलेले राउंड त्याच्या कपाटात ठेवू नको. आणि स्वतःसाठी भर, मित्रांना विकू नको, विकायला वेगळं लायसन्स लागतं.

तर आधी ड्रम डीग्रीझ कर, हॉपर पूस, एक हॉपर पावडर नुसती फिरवून घे, एसी बंद, काटा अर्धा तास आधी चालू, खालचा ठोका सुरू कर. मग परत तीस मापं टाक आणि तीसही आकडे ओळीनं पाठव, सरासरी काढून पाठवू नको. हॉपर सुरुवातीला किती होतं आणि शेवटी किती उरलं तेही लिही. माझी डवरणी चालू आहे, रात्री आठनंतर पाहीन.